सुपरवायझर घडवावा लागतो

चाकण, वाळूज, अंबड, गोकुळ शिरगाव. महाराष्ट्रातल्या कुठल्याही एमआयडीसीत एक निर्णय साधारण सारख्याच पद्धतीने होतो. सुपरवायझरची जागा रिकामी झाली की सीएनसीवर ज्याचा हात सगळ्यांत चांगला बसलेला असतो त्याला केबिनमध्ये बोलावतात आणि सांगतात, 'उद्यापासून ही लाइन तू बघ.' मशीन शिकायला त्याला काही वर्षं मिळालेली असतात. माणसांकडून काम करून घ्यायला शिकण्यासाठी बहुतेक ठिकाणी एक दुपारही मिळत नाही. महिना-दोन महिन्यांत लाइनवर कुरबुरी वाढतात, रिजेक्शन वाढतं आणि खापर त्याच्या स्वभावावर फुटतं: 'कामाला उत्तम आहे हो, पण माणसं सांभाळता येत नाहीत त्याला.'

हा ठपका मला अन्यायाचा वाटतो. त्यामागे काही पक्क्या समजुती आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा तपासून झालेल्या आहेत.

'कामात हुशार, तो साहेब म्हणूनही हुशार'

लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल यांनी 1969 मध्ये 'द पीटर प्रिन्सिपल' या पुस्तकात मांडलं होतं की, बढती मिळत मिळत माणूस अखेर अशा पदावर पोचतो, जिथे त्याची कुवत पुरी पडत नाही. पुस्तक विनोदी ढंगाचं होतं, पण त्यातला मुद्दा पुढे आकड्यांवर तपासला गेला. ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू या संशोधकांनी अमेरिकेतल्या शंभराहून अधिक कंपन्यांमधल्या विक्री कर्मचाऱ्यांची माहिती अभ्यासली आणि 2019 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांची विक्री जास्त, त्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त होती. पण बढती मिळालेल्यांमध्ये ज्यांची आधीची विक्री जितकी जास्त, तितकी त्यांच्या हाताखालच्या माणसांची कामगिरी खालावलेली दिसली. इतरांना सोबत घेऊन सौदे केलेले कर्मचारी मात्र व्यवस्थापक म्हणून अधिक चांगले ठरत होते. कंपन्या त्या गोष्टीकडे फारसं बघत नव्हत्या.

उत्तम ऑपरेटरला बढती देऊ नये, असा याचा अर्थ नाही. त्याच्या हातातल्या कौशल्याला पगार आणि मान मिळण्याची वेगळी वाट हवी. आज आपल्याकडे पगार वाढवून घ्यायचा तर साहेब होण्यावाचून गत्यंतर नसतं. त्यामुळे टूल रूममधला कसबी माणूस हजेरीपत्रकं आणि रजेचे अर्ज बघत बसतो.

'हे अंगातच असावं लागतं'

ही समजूत सगळ्यांत चिवट आहे. तिच्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ती टिकून आहे. रिचर्ड आर्वी आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये मिनेसोटातल्या जुळ्या भावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेतृत्वाच्या पदांवर कोण पोचतं, यात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे 30 टक्के आनुवंशिकतेशी जोडता येतो, असं त्यांना आढळलं. उरलेला मोठा हिस्सा अनुभव, संधी आणि परिस्थितीचा. शिवाय हा अभ्यास पदावर कोण पोचतं एवढंच मोजत होता. पदावर बसून काम नीट कोण करतं, हा प्रश्न वेगळा.

त्या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर प्रयोगशाळेतलं नाही, कारखान्यातलं आहे. 1940 मध्ये अमेरिकेत युद्धसामग्रीच्या मागणीने कारखाने अपुरे पडू लागले. पुढे अनुभवी कामगार सैन्यात गेले आणि कधी कारखान्याची पायरी न चढलेले लोक मशीनवर उभे राहिले. त्यांना शिकवणारे सुपरवायझरही नवखेच होते. उपजत गुणांची माणसं शोधत बसायला वेळ नव्हता. तेव्हा सरकारने 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा कार्यक्रम सुरू केला. काम शिकवणं, माणसांशी वागणं आणि कामाची पद्धत सुधारणं असे त्याचे तीन मुख्य भाग होते. प्रत्येक भाग दहा तासांचा: दोन-दोन तासांच्या पाच बैठका, साधारण दहा जणांचा गट. 1945 पर्यंत साडेसोळा हजार कारखान्यांत सोळा लाखांहून अधिक लोकांनी हे प्रशिक्षण पूर्ण केलं. युद्धानंतर हाच कार्यक्रम जपानमध्ये गेला आणि टोयोटाच्या शॉप फ्लोअरवरच्या शिकवण्याच्या पद्धतीचं एक मूळ त्यात आहे.

त्यात शिकवत काय होते, हे बघण्यासारखं आहे. आत्मविश्वास किंवा प्रभावी व्यक्तिमत्त्व यांवर व्याख्यानं नव्हती. 'माणसांशी वागणं' या भागात चार पायऱ्या होत्या: आधी सगळी माहिती गोळा करा, ती तोलून निर्णय घ्या, कृती करा आणि मग परिणाम तपासा. एखादा ऑपरेटर लागोपाठ तीन सोमवार आला नाही, असं धरा. पहिली पायरी म्हणजे त्याची आधीची हजेरी बघायची, नियम काय सांगतो ते बघायचं आणि त्याच्याशी बोलायचं, त्याचं म्हणणं आणि त्याची अडचण ऐकून घ्यायची. कदाचित रविवारी रात्री गावाहून येणारी त्याची एसटी बंद झाली असेल, कदाचित घरात आजारपण असेल, कदाचित खरोखर कामचुकारपणा असेल. तिन्हींवर उपाय वेगळे. मेमो हातात देऊन मोकळा होणारा सुपरवायझर पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर उडी मारतो आणि चौथीकडे फिरकतही नाही. प्रत्येक प्रशिक्षणार्थीने स्वतःच्या खात्यातला खरा प्रश्न आणून तो या चार पायऱ्यांतून गटासमोर सोडवायचा, असा दंडक होता.

कामाचे वाटे करून ते शिकवता येतात, तसे माणसांशी वागण्याचेही करता येतात, हे त्या पाच वर्षांत दिसून आलं. बोलका स्वभाव असेल तर थोडी मदत होते. पण अबोल माणूसही या चार पायऱ्या शिकू शकतो आणि माझ्या मते पहिली पायरी तो अधिक चांगली पार पाडतो, कारण तो समोरच्याला बोलू देतो.

'संवादात शब्दांना सातच टक्के किंमत'

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात हा आकडा हमखास फळ्यावर येतो: शब्द 7 टक्के, आवाज 38, चेहरा आणि देहबोली 55. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 च्या दोन लहान प्रयोगांतून जुळवलेले आहेत. त्या प्रयोगांत सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवले होते. एका प्रयोगात तर 'मे बी' हा एकच शब्द होता आणि त्याच्या जोडीला चेहऱ्याचे फोटो. बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, एवढंच ऐकणाऱ्याने ओळखायचं होतं. भावना आणि पसंती-नापसंतीपुरताच हा निष्कर्ष लागू आहे, असं मेहराबियन यांनी स्वतः स्पष्ट केलेलं आहे.

शिफ्ट बदलताना 'तीन नंबरच्या मशीनवर दुसऱ्या टूलचा ऑफसेट बदललाय, पहिले पाच पीस मोज' हे वाक्य सांगायचं राहिलं, तर आवाजातली ऊब रिजेक्शन वाचवत नाही. कारखान्यात शब्दच महत्त्वाचे असतात. त्यातही लाइनवर मराठी, भोजपुरी, उडिया बोलणारी माणसं शेजारी-शेजारी उभी असताना नेमकं आणि साध्या शब्दांत सांगणं, मग ऐकणाऱ्याकडून ते परत वदवून घेणं, हे शिकण्याजोगं मोठं कौशल्य आहे. देहबोलीच्या वर्गात गेलेला वेळ तिथे घालवायला हवा.

'फीडबॅक दिला की माणूस सुधारतो'

अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी 1996 मध्ये फीडबॅकवरचे जुने अभ्यास एकत्र करून 607 निष्कर्ष तपासले. सरासरी काढली तर फीडबॅकने कामगिरी सुधारत होती. पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा ती खालावली होती. हे वाचल्यावर अप्रायझलच्या महिन्यात घाईघाईने उरकल्या जाणाऱ्या बैठकांची काळजी वाटल्याशिवाय राहत नाही.

त्यांचं स्पष्टीकरण असं, की फीडबॅक ऐकणाऱ्याचं लक्ष कामाकडे गेलं तर उपयोग होतो आणि स्वतःकडे वळलं तर परिणाम ओसरतो किंवा उलटा होतो. 'तू निष्काळजी आहेस' ऐकलं की माणूस स्वतःचा बचाव करू लागतो, त्या पीसचा विचार त्याच्या मनातून निघून जातो. 'या बॅचमधल्या चार पीसमध्ये बोअर ओव्हरसाइज आलाय. ऑफसेट टाकल्यावर पहिला पीस मोजला होतास का?' या प्रश्नात तेवढाच कडकपणा आहे, पण बोट मशीनकडे आहे. कौतुकालाही हेच लागू पडतं. 'तू एक नंबर आहेस' यातून उद्या काय करायचं ते कळत नाही. 'सेटिंग बदलताना तू ट्रॉलीवर टूल आधीच लावून ठेवलेस, त्यामुळे वेळ वाचला' यातून कळतं. ते ऐकणाऱ्या शेजारच्या ऑपरेटरलाही कळतं.

आधी गोड, मध्ये कडू, शेवटी पुन्हा गोड अशी बांधणी बऱ्याच वर्गांत शिकवतात. माझा तिच्यावर विश्वास नाही. दोन-तीनदा हे झालं की कौतुक ऐकताच माणूस पुढच्या वाराची वाट बघू लागतो आणि खरं कौतुकही वाया जातं.

'चांगल्या टीममध्ये चुका कमी दिसतात'

एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या परिचर्या गटांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांचीही अपेक्षा हीच होती. औषधं देण्यातल्या चुका मोजल्या, तर ज्या गटांत कामाचं वातावरण चांगलं होतं तिथे नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाचा उलगडा असा होता, की त्या गटांत चूक लपवावी लागत नव्हती. बाकीच्या गटांत चुका होत होत्या, पण तोंडातून बाहेर येत नव्हत्या. 1999 मध्ये एका उत्पादक कंपनीतल्या 51 गटांवरच्या लेखात त्यांनी यावर अधिक काम मांडलं आणि 'मानसिक सुरक्षितता' ही कल्पना रुजली.

आपल्याकडच्या लॉगबुकमध्ये पानामागून पान 'सर्व ओके' लिहिलेलं असतं. तिसऱ्या शिफ्टला स्पिंडलचा आवाज बदललेला असतो, पण तो नोंदवला तर मशीन बंद आणि बोलणी आपल्यालाच, हे ऑपरेटरला ठाऊक असतं. अशा लाइनचे आकडे काही आठवडे सुंदर दिसतात. मग स्पिंडल जातो.

धाक नसला तर लोक डोक्यावर बसतील, ही भीती इथे आड येते. विशेषतः डिप्लोमा करून आलेल्या पंचविशीतल्या सुपरवायझरला, ज्याच्या लाइनवर वडिलांच्या वयाचे ऑपरेटर असतात. वजन पडावं म्हणून तो त्यांना अरे-तुरे करतो आणि पहिल्याच दिवशी त्यांना तोडतो. 'काका, हा जॉब तुम्ही कसा बांधता ते मला एकदा दाखवा' असं म्हटल्याने त्याचा अधिकार तसूभर कमी होत नाही. त्याच काकांना सेफ्टी शूज नसतील तर मशीनवर उभं राहता येणार नाही, हेही तो 'अहो' म्हणूनच सांगू शकतो.

'काम सोपवलं की जबाबदारी संपली'

याच्या उलट टोकाची समजूतही तितकीच पसरलेली आहे: 'मी केलं तर लवकर होतं.' इंटेलचे अँड्रू ग्रोव्ह यांनी 1983 च्या 'हाय आउटपुट मॅनेजमेंट' या पुस्तकात निकष दिला आहे. समोरचा माणूस त्या विशिष्ट कामात किती मुरलेला आहे, त्यावर देखरेख किती जवळून करायची ते ठरतं. दहा वर्षं टर्निंग केलेल्या माणसाला नव्या ग्राइंडिंग मशीनवर पाठवलं, तर तिथे तो नवखाच असतो आणि त्याच्या जवळ थांबावंच लागतं. कोणाला किती सांगायचं, हे रोज कामागणिक नव्याने ठरतं.

'दोन दिवसांच्या शिबिरात हे सगळं येईल'

लोणावळ्याच्या रिसॉर्टवरून माणूस उत्साहाने परत येतो, ही चांगलीच गोष्ट. पण अवघड संभाषण कसं करायचं, हे अवघड संभाषण करूनच शिकता येतं. तेही कोणीतरी अनुभवी माणूस त्यावर बोलायला असेल, तर. नव्या सुपरवायझरला पहिले सहा महिने आठवड्यातून अर्धा तास, दुसऱ्या खात्यातल्या मुरलेल्या सुपरवायझरसोबत बसवायचं. खर्च चहाचा. साहेबांनी त्यात बसू नये, म्हणजे तो मोकळेपणाने बोलेल. विचारायचं इतकंच: या आठवड्यात कोणाशी काय प्रसंग आला, तू नेमके कोणते शब्द वापरलेस, तो काय म्हणाला, आणि मागच्या आठवड्यात ज्याच्याशी बोलला होतास त्याच्या कामात काही फरक पडला का.