विंडोज नेमकी कुठं अडते?

देवासहून इंदूर 35-40 किलोमीटर, धारहून साठच्या थोडं पुढं. त्यामुळे या दोन्ही गावांत कुणी घरी कॉम्प्युटर जोडायला घेतला की सुटे भाग बहुधा इंदूरहून येतात, आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून किंवा जेल रोडवरून. उरलेले कुरिअरनं. मदरबोर्ड एका दुकानातला, रॅम दुसऱ्यातली, एसएसडी ऑनलाइन सेलमधली, आणि कॅबिनेट घरातल्या जुन्या मशीनचं. जोडणी होते, पंखे फिरतात, आणि विंडोज टाकायला घेतली की घोडं अडतं. मग निदानं सुरू होतात. बोर्ड गेला. हार्ड डिस्क गेली. कॉपी खराब आहे. शेवटी कुणीतरी कॅबिनेट मांडीवर घेऊन बसनं इंदूर गाठतं, तिथला पोरगा बायोसमध्ये एक सेटिंग बदलतो आणि विंडोज चढायला लागते.

पोरगा काही जादूगार नसतो. काम कोणत्या पायरीवर थांबलं, एवढंच त्यानं आधी पाहिलेलं असतं. पडद्यावर चित्रच आलं नाही, पेन ड्राइव्हवरून सुरुवात झाली नाही, डिस्क दिसेना, फाइली उतरताना मध्येच थांबलं, की पहिल्या रीस्टार्टनंतर बिनसलं? या पाच जागांची कारणं एकमेकांत फारशी मिसळत नाहीत. आपण मात्र पाचही तक्रारी ‘विंडोज जात नाही’ या एकाच नावानं सांगतो, आणि ऐकणारा मनाला येईल तो भाग बदलायला सांगतो.

‘चित्र येत नाही, म्हणजे बोर्ड मेलाय’

इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस ‘एफ’ असतो, उदाहरणार्थ आय5 12400एफ, त्यात ग्राफिक्स नसतं. एएमडीच्या रायझन 5 5600 मध्येही नसतं. 5600जी मध्ये असतं. अशा मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं आणि मॉनिटरची केबल त्या कार्डातच लावावी लागते. ती मदरबोर्डला लावली तर बोर्ड ठणठणीत असूनही पडदा काळाच राहणार.

दुसरं कारण बायोसचं वय. बी450 जातीचे बोर्ड रायझन 5000 मालिकेच्या आधी बाजारात आले. दुकानात पडून राहिलेल्या अशा बोर्डात जुना बायोस असेल, तर तो नव्या प्रोसेसरला ओळखतच नाही. काही बोर्डांवर फ्लॅशबॅकचं बटण असतं, त्यानं प्रोसेसर न बसवताही पेन ड्राइव्हवरून बायोस बदलता येतो. ते नसेल तर दुकानातच अपडेट करून घ्यावा आणि मगच बस पकडावी. डीडीआर5 रॅमची नवी मशीनं, विशेषतः एएमडीच्या एएम5 सॉकेटची, पहिल्या वेळी रॅमची जुळवणी करण्यात काही मिनिटं घालवतात. तेवढा वेळ पडद्यावर काहीच नसतं. धीर सुटून बटण दाबलं की जुळवणी पुन्हा पहिल्यापासून.

‘डिस्क दिसत नाही, म्हणजे डिस्क खराब’

चांगल्या एसएसडी दुकानदाराकडे परत जातात त्या या समजुतीपायी. इन्स्टॉलरमध्ये यादी रिकामी दिसली, तर आधी बायोसमध्ये जाऊन पाहावं. तिथं एसएसडीचं नाव आणि क्षमता नीट दिसत असेल तर ती जिवंत आहे. विंडोजच्या इन्स्टॉलरला तिच्यापर्यंत पोचता येत नाही, एवढंच.

इंटेलच्या 11व्या पिढीपासून पुढच्या मशीनमध्ये याचं नेहमीचं कारण म्हणजे व्हीएमडी नावाची सोय. ती चालू असली की एनव्हीएमई डिस्क इंटेलच्या एका वेगळ्या थराआड जाते, आणि त्या थराचा ड्रायव्हर विंडोजच्या पेन ड्राइव्हवर नसू शकतो. उपाय दोन आहेत. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवून, तो उलगडून पेन ड्राइव्हवर ठेवायचा आणि इन्स्टॉलरमध्ये ‘लोड ड्रायव्हर’ म्हणायचं. किंवा बायोसमध्ये व्हीएमडी बंद करायचं. घरच्या एका डिस्कच्या मशीनला व्हीएमडीची गरज नसते, म्हणून मी दुसराच सुचवेन. मात्र त्या डिस्कवर व्हीएमडी चालू असताना टाकलेली विंडोज आधीपासून असेल आणि ती हवी असेल, तर हात लावू नये. सेटिंग बदलल्यावर ती बूट होणार नाही.

बायोसलाही डिस्क दिसत नसेल तर गोष्ट निराळी. एम.2 हे खाचेच्या आकाराचं नाव आहे. त्या आकारात साटा जातीच्या डिस्क येतात आणि एनव्हीएमई जातीच्याही, आणि प्रत्येक बोर्डाची प्रत्येक खाच दोन्ही चालवत नाही. शिवाय कित्येक बोर्डांवर एम.2 खाच भरली की साटाची एक-दोन पोर्ट आपोआप बंद पडतात. जुनी हार्ड डिस्क नेमकी त्या पोर्टला लावलेली असेल तर नवी एसएसडी बसवताच जुनी ‘गेली’ असं वाटतं. बोर्डाच्या पुस्तिकेत याचा तक्ता असतो. पुस्तिका खोक्यात राहते आणि खोकं माळ्यावर जातं.

तिसरा प्रकार सर्वांत गमतीचा. डिस्क दिसते, पण विंडोज तिच्यावर बसायला नकार देते: या डिस्कवर एमबीआर तक्ता आहे, आम्हाला जीपीटी हवा. इथं देवासकरांना समजावणं सोपं आहे. गाव एक, पण थोरल्या पातीचा कारभार वेगळा आणि धाकट्या पातीचा वेगळा, थेट 1948 च्या विलीनीकरणापर्यंत. एकाच मदरबोर्डावरही असे दोन कारभार नांदतात. जुना लेगसी, त्याची डिस्कची वही एमबीआर. नवा यूईएफआय, त्याची वही जीपीटी. ज्या कारभाराच्या दारानं तुम्ही आत आलात, त्याचीच वही विंडोज मागते.

आणि पेन ड्राइव्ह तीच असली तरी बूट मेनूमध्ये ती बऱ्याचदा दोनदा दिसते: एकदा नुसत्या नावानं, एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ लावून. आजच्या मशीनवर दुसरीच निवडावी. डिस्कवरचं काही नको असेल तर इन्स्टॉलरमध्ये सगळी पार्टिशनं पुसून मोकळ्या जागेवर पुढं जावं. जीपीटी तक्ता विंडोज स्वतः करते. ‘डिस्कपार्ट’मधली ‘क्लीन’ ही आज्ञा अख्ख्या डिस्कचा तक्ता उडवते, फक्त सी ड्राइव्हचा नाही, हे ती देण्याआधी लक्षात घ्यावं. लग्नाचे फोटो असे गेलेले आहेत. डिस्कवर चालू विंडोज असेल आणि सगळं टिकवायचं असेल तर 2017 पासून विंडोज 10 मध्ये ‘एमबीआर2जीपीटी’ नावाचं साधन येतं. ते न पुसता तक्ता बदलतं. तरीही आधी बॅकअप घ्यावाच. एमबीआरला चिकटून राहण्यात आता अर्थही नाही; नेहमीच्या डिस्कवर त्याला 2 टीबीच्या पलीकडची जागा वापरता येत नाही.

‘फाइल करप्ट म्हणाला, म्हणजे कॉपी खराब’

0x80070570 हा आकडा खूप जणांनी पाहिला असेल. फाइल खराब आहे किंवा सापडत नाही, असं तो म्हणतो. कॉपी खरंच खराब असू शकते. मायक्रोसॉफ्टच्या डाउनलोडच्या पानावर आयएसओ फाइलचा एसएचए-256 ठसा दिलेला असतो, तो आपल्या फाइलशी ताडून पाहिला की हा प्रश्न कायमचा मिटतो. ठसा जुळला तर संशय पेन ड्राइव्हवर जातो. ‘2 टीबी’ लिहिलेल्या स्वस्त पेन ड्राइव्हमध्ये प्रत्यक्षात त्याच्या काही टक्केच जागा असल्याचे प्रकार सर्रास होतात. फाइली लिहिल्यासारख्या दिसतात, वाचताना निघतात कचरा.

पेन ड्राइव्हही चांगली असेल तर रॅम. हे पटत नाही, कारण रॅम खराब असेल तर मशीन सुरूच होणार नाही, असा पक्का समज आहे. रॅममधला एखादा कोपरा बिघडलेला असला तरी बायोस दिसतो, इन्स्टॉलर उघडतो, भाषा निवडता येते. पण इन्स्टॉलर काही जीबीच्या फाइली उलगडतो तेव्हा त्या रॅममधून जातात, आणि एक बिट फिरला तरी हिशेब जुळत नाही. खूण अशी की प्रत्येक वेळी वेगळ्याच टक्क्याला गाडी थांबते आणि आकडाही बदलतो.

रॅम बदलण्याआधी बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करून पाहावं. खोक्यावर 3600 लिहिलेलं असलं तरी तो वेग या प्रोफाइलनं मिळतो. ती बंद असताना रॅम कमी, प्रमाणित वेगानं चालते. प्रोफाइल बंद केल्यावर विंडोज सरळ चढली तर निदान तिथंच झालं. नाहीतर एक-एक पट्टी काढून पाहावं आणि मेमटेस्ट86+ रात्रभर चालू ठेवावं. फुकट आहे, पेन ड्राइव्हवरूनच चालतं. त्यात एक लाल ओळ आली तरी पट्टी बदलायची.

बाकीचे समज लवकर निकालात निघतात. आयएसओमधल्या फाइली नुसत्या पेन ड्राइव्हवर ओढून टाकल्या की झालं, हा त्यातला एक. यूईएफआयला हमखास वाचता येते ती एफएटी32 पद्धत, त्या पद्धतीत एका फाइलला 4 जीबीची मर्यादा, आणि विंडोज 11 च्या आयएसओमधली मुख्य फाइल त्याहून मोठी. रुफससारखं साधन ही अडचण परस्पर सोडवतं. प्रॉडक्ट की नाही म्हणून इन्स्टॉल होत नाही, हाही चुकीचा. की नंतर देता येते, इन्स्टॉलर त्यासाठी अडत नाही. उलट ‘सगळं आधीच टाकलेली’ जी विंडोज हातोहात फिरते, तिच्यात काय काढलंय आणि काय घातलंय हे कुणालाच माहीत नसतं. लाइट गेली म्हणजे मशीन बिघडलं, असंही घाबरू नये. इन्स्टॉल होताना वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून करायचं, एवढंच. बायोस अपडेट होताना मात्र वीज गेली तर बोर्ड खरंच निकामी होऊ शकतो. ते काम यूपीएसवरच करावं, पावसाळ्यात तर नक्कीच.

‘विंडोज 11 साठी टीपीएमची चिप विकत घ्यावी लागते’

ऑक्टोबर 2021 मध्ये विंडोज 11 आली तेव्हा टीपीएम 2.0 ची अट पाहून अनेकांनी या चिपा शोधल्या. विंडोज 11 ला चालणाऱ्या प्रोसेसरमध्ये ही सोय बहुधा आतच असते, बायोसमध्ये इंटेलकडे पीटीटी आणि एएमडीकडे एफटीपीएम नावानं; फक्त चालू करायची. प्रोसेसर साधारण इंटेल 8व्या पिढीपासूनचा किंवा रायझन 2000 पासूनचा हवा. अटी चुकवून जुन्या मशीनवर विंडोज 11 चढवणारे आहेत, पण 24एच2 आवृत्तीपासून कोअर 2 ड्युओच्या काळातली मशीनं कायमची बाहेर पडली. तिला हव्या असलेल्या पॉपसीएनटीसारख्या सूचना त्या प्रोसेसरमध्ये नाहीतच. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हा अशा मशीनवर लिनक्स मिंट टाकलेलं बरं.

पहिल्या रीस्टार्टनंतर

फाइली उतरतात, मशीन रीस्टार्ट होतं आणि पुन्हा भाषा विचारतं. डिस्कवर काही टिकत नाही, असं वाटतं. खरं तर मशीन पुन्हा पेन ड्राइव्हवरूनच बूट झालेलं असतं. पेन ड्राइव्ह काढावी किंवा बूटच्या क्रमात डिस्क वर आणावी, पुढचं काम आपोआप चालू होतं.

जुनी हार्ड डिस्क जोडलेली ठेवूनच नव्या एसएसडीवर विंडोज टाकली तर आज काहीच बिनसत नाही. बिनसतं सहा महिन्यांनी. बूट करणारं छोटं पार्टिशन जुन्या डिस्कवर आधीच असेल तर विंडोज तेच वापरते. पुढं ती डिस्क काढली की नवी एसएसडी अंगात सगळं असूनही उठत नाही. टाकताना एकच डिस्क जोडावी.

शेवटी नेटवर्कचं पान. विंडोज 11 इंटरनेटशिवाय पुढं जाऊ देत नाही, आणि नव्या बोर्डाच्या लॅनचा किंवा वायफायचा ड्रायव्हर तिच्याकडे नसेल तर केबल लावूनही ते पान हलत नाही. अँड्रॉइड फोन यूएसबीनं जोडून टेदरिंग चालू केलं की बहुतेक वेळा काम होतं.

इतकं करूनही मशीन इंदूरला न्यावं लागलं, तर आधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट नुसतं चालवून पाहावं. डिस्कला हात न लावता ते चालतं, आणि तिथं डिस्क, नेट, आवाज सगळं दिसलं तर हार्डवेअर बहुतांशी निर्दोष. दुकानदारासमोर मग तीन गोष्टी ठेवाव्यात: अडलेल्या पडद्याचा आकड्यासकट फोटो, बायोसची आवृत्ती आणि मेमटेस्टचा निकाल. वॉरंटीचं बिलही.