चोर सोडून संन्याशाला फाशी?

समुद्रातले मासे घटले की सील आणि देवमासे यांच्याकडे बोट दाखवले जाते. पण आपल्या ताटातला घास खरोखरच ते पळवतात का?

१ जुलै १९९२ चा दिवस. कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावरच्या बे बुल्स गावात संतापलेल्या कोळ्यांनी केंद्रीय मत्स्योद्योगमंत्री जॉन क्रॉस्बी यांना घेरले. समुद्रातले मासे काही मी नेलेले नाहीत, असे ते वैतागून म्हणाले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कॉड मासेमारीवर बंदी जाहीर केली. सुमारे ३० हजार माणसांचा रोजगार गेला. दोन वर्षांसाठी म्हणून आलेली ही बंदी उठली, ती थेट जून २०२४ मध्ये!

मग मासे नेले तरी कोणी? अनेकांनी आरोपी ठरवला तो हार्प सील. १९८३ मध्ये युरोपने सीलच्या पिल्लांच्या कातड्यांची आयात बंद केली. शिकार घटली आणि सीलची संख्या झपाट्याने वाढली. एक सील वर्षाला टनभराहून अधिक खातो. त्याला लाखांनी गुणा, की झाला गुन्हा सिद्ध!

लाडवांचा हिशेब

डब्यातले दोन लाडू बंडूने खाल्ले की घरातल्या इतरांना दोन कमी, हा हिशेब स्वयंपाकघरात ठीक आहे. समुद्रात तो चालत नाही. कारण तिथे लाडूच एकमेकांना खातात!

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण पाहा. तिथे हेक नावाच्या माशाच्या दोन जाती आहेत. एक उथळ पाण्यातली, दुसरी खोल पाण्यातली. उथळ पाण्यातला मोठा हेक खोल पाण्यातल्या हेकची पिल्ले फस्त करतो. सील खातात ते मुख्यतः उथळ पाण्यातले हेक. म्हणजे सील मारले, तर पिल्ले खाणारे हेक वाढणार! १९९५ मध्ये शास्त्रज्ञांनी हे सारे गणितात मांडले. सील मारून कोळ्यांच्या पदरी फारसे काही पडणार नाही, उलट तोटाही होऊ शकेल, असे त्यातून दिसले.

देवमाशांची गोष्टही अशीच. विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात सुमारे २० लाख देवमासे मारले गेले. ते ज्यावर जगत, ते क्रिल नावाचे कोळंबीसारखे जीव आता उदंड होतील, अशी अटकळ होती. तसे झाले नाही. देवमाशांच्या विष्ठेतून पाण्यात लोह मिसळते, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांवर क्रिल पोसले जाते. खाणाराच पेरणाराही होता!

खरा गुन्हेगार

न्यूफाउंडलंडचा कॉड संपवला तो माणसाच्या हव्यासाने. १९६८ मध्ये युरोपातून आलेल्या अजस्र ट्रॉलर्सच्या जोरावर तिथे आठ लाख टनांहून अधिक कॉड पकडला गेला. १९७७ मध्ये कॅनडाने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत परक्यांना आवर घातला. पण मग स्वतःचेच ट्रॉलर वाढवले. पुढे कॉड सावरला नाही, त्यालाही हार्प सील हे मोठे कारण नव्हते. मासेमारी आणि कॉडचे खाद्य असलेल्या कॅपलिन माशांचा तुटवडा ही कारणे महत्त्वाची, असे २०१४ च्या अभ्यासात आढळले.

याचा अर्थ सील नेहमीच निर्दोष असतो, असा मात्र नाही. जवळच्याच सेंट लॉरेन्स आखाताच्या दक्षिण भागात करडे सील आधीच रोडावलेल्या कॉडला डोके वर काढू देत नाहीत, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. पण तिथेही कॉडला त्या अवस्थेला आणले ते अतिमासेमारीनेच. म्हणून प्रत्येक समुद्राचा निवाडा वेगळा करावा लागतो.

आपल्या कोकणातही डॉल्फिन जाळी फाडतात, मासे पळवतात, अशी कोळीबांधवांची तक्रार असते. फाटलेल्या जाळ्याचा खर्च खरा आहे आणि त्याची भरपाई मागणे रास्तच आहे. पण समुद्र रिकामा होत असेल, तर जाब विचारताना आपण आधी आपल्याच जाळ्यांची लांबी मोजायला हवी. डॉल्फिन पोटापुरते खातो. आपण मात्र विकण्यापुरते, साठवण्यापुरते आणि कधीकधी फेकण्यापुरतेही पकडतो.