अकरा हजार सारखी पानं

चिखलीच्या बाजार समितीबाहेर ट्रॉलीवर बसून सोयाबीनचा भाव बघायचा, मधेच घरून आलेला फोन घ्यायचा, व्हॉट्सॲपवरचे दोन निरोप वाचायचे आणि परत भावाकडे वळायचं. फोन दीड-दोन जीबी रॅमचा असेल तर त्याची परीक्षा इथंच होते. ॲप जिथं सोडलं होतं तिथंच उघडलं तर फोन चांगला. पांढरा पडदा दाखवत ते पहिल्यापासून सुरू झालं तर फोन ‘हँग मारतो’. बुलढाणा जिल्ह्यात काय किंवा आणखी कुठं काय, शिव्या बिचाऱ्या फोनच्या कंपनीला पडतात. खरा निकाल मात्र बऱ्याचदा लिनक्सच्या कर्नेलमध्ये लागलेला असतो. अँड्रॉइड याच कर्नेलवर उभं आहे.

कर्नेल रॅमची वाटणी पानांमध्ये करतं. एक पान बहुधा ४,०९६ बाइटचं. रॅम भरत आली की काही वेळ न लागलेली पानं बाजूला काढावी लागतात. कॉम्प्युटरवर ती डिस्कवर जातात. यालाच स्वॅप म्हणतात. फोनमधली फ्लॅश मेमरी सततच्या लिहिण्यानं झिजते, म्हणून तिथं पानं रॅममध्येच दाबून ठेवतात. खामगावला १८७० साली रेल्वे आली ती कापसासाठी. सुट्या कापसानं वाघीण लगेच भरते, म्हणून तो आधी प्रेसमध्ये दाबून त्याच्या गाठी बांधायच्या. कर्नेलही तेच करतं. अडचणही तीच. दाबायला वेळ लागतो, आणि माल हवा झाला की गाठ सोडावीच लागते.

या वेळेनं अनेकांना छळलं. १९९३ साली फ्रेड डग्लिस यांनी स्प्राइट या संशोधनासाठीच्या प्रणालीत हा प्रयोग करून पाहिला. काही प्रोग्राम वेगानं धावले, काही उलट रेंगाळले. प्रोसेसर तेव्हा इतके मंद होते की दाबण्यातच कमाई संपून जाई. दोनच वर्षांनी ‘सॉफ्टरॅम ९५’ नावाचं सॉफ्टवेअर अमेरिकेत लाखोंच्या संख्येनं विकलं गेलं. दावा एकच : तुमची रॅम दुप्पट करतो. जाणकारांनी ते उघडून तपासलं, तर आत दाबादाबी होतच नव्हती! पडद्यावरचे काटे तेवढे खुशीत हलत होते. प्रकरण तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनपर्यंत गेलं. त्यानंतर ‘रॅम वाढवणारं सॉफ्टवेअर’ म्हटलं की लोक हसू लागले, तर त्यात नवल काय?

अशा बदनाम कल्पनेला लिनक्समध्ये पुन्हा हात घातला तो नितीन गुप्ता या भारतीय प्रोग्रामरनं. ‘कॉम्पकॅश’ या नावानं सुरू झालेलं त्यांचं काम २०१० साली कर्नेलच्या उमेदवारी विभागात आलं, ‘झेडरॅम’ हे नाव त्याला पुढं मिळालं आणि २०१४ मध्ये ते मुख्य कर्नेलमध्ये पक्कं झालं. प्रोसेसर एव्हाना वेगवान झाले होते, तेव्हा दाबणं हा मोठा अडसर उरला नव्हता. अडसर निघाला भलतीकडेच. दाबलेलं एक पान ९०० बाइटचं होतं, दुसरं १,७०० चं, तिसरं ३,१०० चं. हे वेडेवाकडे तुकडे ठेवायचे कुठं? ठरावीक मापांच्या खणांत ठेवले तर दाबून वाचवलेली जागा खणांतल्या रिकाम्या कोपऱ्यांत जाते. म्हणून गुप्तांनी आधी ‘एक्सव्हीमॅलॉक’ हा जागावाटपाचा स्वतंत्र विभाग लिहिला. पुढं आलेल्या ‘झेडएसमॅलॉक’मध्ये एक तुकडा दोन पानांच्या सीमेवर पसरू लागला आणि जागा खऱ्या अर्थानं वाचू लागली. माझ्या मते या कथेतला सर्वांत अवघड भाग हाच, आणि त्याबद्दल बोललं जातं सर्वांत कमी. २०१४ च्या ऑगस्टमध्ये १,९९९ रुपयांना आलेल्या इंटेक्स क्लाउड एफएक्सला रॅम होती अवघी १२८ एमबी. असा फोन चालवायचा तर झेडरॅमचाच आधार होता.

दरम्यान २०१३ मध्ये आयबीएमच्या सेथ जेनिंग्ज यांचं ‘झेडस्वॅप’ कर्नेलमध्ये आलं. ते खऱ्या डिस्कच्या अलीकडे उभं राहतं आणि डिस्ककडे निघालेलं पान वाटेत अडवून, दाबून, रॅममध्येच ठेवतं. इथंही वेग वाढवायचा तर कॉम्प्रेशनची चांगली रीत शोधा, हीच पहिली वाट सुचते. सॅमसंगच्या श्रीविद्या देसिरेड्डी यांनी वाट बदलली. पान किती लवकर दाबता येईल हा प्रश्न बाजूला ठेवून त्यांनी पानांच्या आत काय आहे ते मोजलं.

चाचणीसाठी होतं दीड जीबी रॅमचं, चार कोअरच्या एआरएम प्रोसेसरचं उपकरण. म्हणजे चिखलीतल्या त्या फोनचंच भावंड. त्यावर ॲप उघडायची, सोडायची, पुन्हा उघडायची. झेडस्वॅपमध्ये सुमारे ६४,००० पानं जमली. त्यातली सुमारे ११,००० पानं पहिल्या शब्दापासून (प्रोसेसर एका दमात हाताळतो त्या तुकड्याला शब्द म्हणतात) शेवटच्या शब्दापर्यंत एकाच मूल्यानं भरलेली होती, आणि या ११,००० पैकी सुमारे ९,००० मध्ये नुसती शून्यं! २ जीबीच्या उबंटू कॉम्प्युटरवर तर प्रमाण आणखी वर गेलं : ३,६०,००० पानांत ७८,०००. पाचातलं एक पान कर्नेल इमानेइतबारे दाबत होतं, त्याला जागा शोधत होतं, मागणी आली की उलगडत होतं, आणि आत सांगण्यासारखं काही नव्हतंच.

ही पानं येतात कुठून? प्रोग्राम लागेल त्याहून जास्त जागा आधीच मागून, शून्यांनी पुसून ठेवतात. त्यातली कितीतरी पुढं वापरलीच जात नाही.

उपाय काही ओळींचा होता. पान आलं की पहिला शब्द घ्यायचा आणि पुढचे शब्द त्याच्याशी ताडत जायचं. पहिलाच वेगळा शब्द भेटला की तपासणी थांबते, म्हणून साध्या पानांवर तिचा भार फारसा पडत नाही. शेवटपर्यंत फरक सापडलाच नाही तर तेवढं एक मूल्य टिपून ठेवायचं आणि पान सोडून द्यायचं. परत हवं झालं की कोऱ्या पानावर तेच मूल्य ओळीनं भरायचं. त्यांच्या मोजणीत अशी पानं साठवण्याचा वेळ ३२ टक्क्यांनी आणि परत आणण्याचा ४९ टक्क्यांनी घटला. झेडरॅममध्ये शून्यांची पानं वेगळी काढण्याची सोय पहिल्यापासून होती, हेही नोंदवायला हवं. झेडस्वॅपमध्ये मात्र ती २०१३ पासून राहूनच गेली होती. एप्रिल २०१८ मध्ये आलेल्या कर्नेल ४.१६ बरोबर ती झेडस्वॅपला मिळाली.

गोष्ट इथंही थांबली नाही. २०२४ मध्ये मेटाच्या उसामा आरिफ यांनी याच कल्पनेला एक पायरी वर चढवलं. शून्यांचं पान ओळखायचं तर ते झेडस्वॅपपर्यंत तरी कशाला जाऊ द्यायचं? स्वॅपच्या दारातच ते ओळखलं जाऊ लागलं आणि ४,०९६ बाइटच्या पानासाठी एक बिट पुरू लागला. डिस्क कोणतीही असो, झेडस्वॅप असो वा नसो, फायदा सगळ्यांना. मेटाच्या सर्व्हरवर पाहिलं तर एकाच मूल्याच्या पानांत शून्य सोडून इतर मूल्याची पानं एक टक्काही भरत नव्हती. तेव्हा त्यांच्यासाठीची तपासणी ठेवण्यात अर्थ नव्हता, आणि कर्नेल ६.१२ मध्ये झेडस्वॅपमधला २०१८ चा तो कोड काढून टाकण्यात आला.