विश्लेषण : लिंक उघडण्यापूर्वी पत्त्याची झडती कशी घ्यायची? ‘डिग’ आणि ‘हूइज’ काय सांगतात?

‘तुमच्या वाहनाचे चलान थकले आहे, आजच भरा’ असा संदेश येतो आणि त्याखाली एक लिंक असते. लिंकमध्ये ‘परिवहन’ हा शब्द असतो, ‘ई-चलान’ही असतो. दंडाची रक्कमही पाचशे रुपयांच्या आसपास, म्हणजे वाद घालण्यापेक्षा भरून मोकळे व्हावे अशी. लिंक खरी की खोटी, हे बहुतेक जण ती उघडून, पान कसे दिसते त्यावरून ठरवतात. पण सरकारी पानाची हुबेहूब नक्कल ही फसवणाऱ्याच्या कामातील सर्वांत सोपी पायरी आहे. पत्त्यामागच्या नोंदींची नक्कल मात्र त्याला करता येत नाही. हे नाव कधी नोंदवले, कुणामार्फत नोंदवले, ते कोणत्या सर्व्हरकडे बोट दाखवते, या नोंदी जगभर कुणालाही पाहता येतात. त्यासाठी लिंक उघडावी लागत नाही. संगणकाच्या काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड लाइनवर, एक ओळ टाइप करावी लागते.

पत्ता उजवीकडून का वाचायचा?

कोणतीही कमांड देण्याआधी एक सवय लावून घ्यावी लागते. संकेतस्थळाचे नाव डोळे डावीकडून वाचतात, इंटरनेट ते उजवीकडून वाचते. ‘ईचलान डॉट परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन’ हे केंद्राच्या ई-चलान सेवेचे नाव घ्या. यात सर्वांत मोठा मालक ‘इन’, म्हणजे भारताचे डोमेन. त्याच्या आत ‘जीओव्ही’, जे फक्त सरकारी कार्यालयांना मिळते. त्याच्या आत ‘परिवहन’ आणि सर्वांत शेवटी ‘ईचलान’. पोस्टाच्या पत्त्यात देश, जिल्हा, गाव, घर अशी जी उतरंड असते तीच ही. फक्त देश उजव्या टोकाला आहे.

फसवणूक नेमकी इथे होते. ‘परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन’ एवढे अस्सल वाटणारे शब्द लिहून त्यापुढे आणखी एक डॉट, मग कुठलेसे नाव आणि ‘डॉट एक्सवायझेड’ जोडले, की तो पत्ता सरकारचा राहत नाही. तो त्या कुठल्याशा नावाच्या मालकाचा होतो. आपल्या डोमेनच्या डावीकडे काय लिहायचे याचे पूर्ण स्वातंत्र्य मालकाला असते. तिथे तो ‘एसबीआय’ लिहील किंवा ‘पंतप्रधान’ही लिहील. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर लांब पत्ता अर्धाच दिसतो आणि बऱ्याचदा दिसणारा अर्धा भाग डावीकडचाच असतो, ही त्यातली आणखी मेख. (तिरप्या रेघेनंतरचा मजकूर हा पानाचा मार्ग असतो, तो या हिशेबात धरायचा नाही. पहिल्या तिरप्या रेघेच्या डावीकडे जे संपते ते खरे नाव.)

‘डिग’ म्हणजे काय, तो कुठे मिळतो?

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला आकडी पत्ता असतो. माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून नावे आली, आणि नावावरून आकडा शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डोमेन नेम सिस्टीम, अर्थात डीएनएस. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी तिचा आराखडा मांडला. त्याआधी सगळ्या यंत्रांची नावे कॅलिफोर्नियातील एका संस्थेत ठेवलेल्या एकाच फाइलमध्ये असत आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. यंत्रे वाढली तशी ती फाइल पुरेना. मग एकाच वहीऐवजी हजारो वह्या झाल्या आणि प्रत्येक डोमेनच्या मालकाने आपली वही आपण सांभाळायची, असे ठरले.

फोनवर कोणतेही ॲप उघडले की ते पडद्याआड या वह्या चाळते. तेच काम ‘डिग’ उघड्यावर करून दाखवते. इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्टियम या संस्थेच्या ‘बाइंड’ या सॉफ्टवेअरबरोबर ते येते आणि मोफत आहे. ॲपलच्या मॅकमध्ये ते आधीपासून असते. विंडोजमध्ये ते नसते, पण ‘एनएसलुकअप’ नावाची जुनी कमांड असते; साध्या तपासासाठी ती पुरेशी आहे. अँड्रॉइडवर ‘टर्मक्स’ हे टर्मिनल ॲप टाकून त्यात ‘डीएनएसयुटिल्स’ हे पॅकेज घेतले की फोनवरच डिग चालते. एवढा खटाटोप नको असेल तर गुगलच्या ‘ॲडमिन टूलबॉक्स’मध्ये डिगचे पान आहे, तिथे नाव टाकले की तेच उत्तर मिळते.

वापर अगदी साधा. रोमन लिपीत डी, आय, जी ही तीन अक्षरे, एक जागा सोडून डोमेनचे नाव, आणि एंटर. लिंकमधून नाव उतरवताना ‘एचटीटीपीएस’ आणि तिरप्या रेघा गाळायच्या. लिंकवर बोट मात्र दाबून धरायचे, टिचकी मारायची नाही.

उत्तरातील कोणत्या ओळी पाहायच्या?

डिगचे उत्तर पंधरा-वीस ओळींचे असते आणि पहिल्यांदा पाहणारा दचकतो. त्यातील दोनच जागा पाहिल्या तरी काम होते.

पहिली जागा ‘स्टेटस’. तिथे ‘नोएरर’ असेल तर प्रश्नाला रीतसर उत्तर मिळाले. ‘एनएक्सडोमेन’ असेल तर असे नावच अस्तित्वात नाही. ‘सर्व्हफेल’ असेल तर नाव असेलही, पण ज्याच्याकडे वही आहे त्याच्याकडून उत्तर मिळवता आले नाही किंवा आलेले उत्तर पडताळणीत टिकले नाही. ब्राउझर या साऱ्या प्रकारांत जवळपास सारखेच ‘साइट उघडत नाही’ म्हणून हात वर करतो. डिग फरक सांगते.

दुसरी जागा ‘आन्सर सेक्शन’. तिथे नाव, मग एक आकडा, मग ‘इन’, मग ‘ए’ आणि शेवटी आकडी पत्ता, अशी ओळ येते. इथला ‘इन’ इंडियाचा नव्हे, इंटरनेटचा आहे. अमेरिकेतील विद्यापीठाचे नाव विचारले तरी ‘इन’च येतो. ‘ए’ म्हणजे जुन्या पद्धतीचा, चार तुकड्यांचा आकडी पत्ता; नव्या लांब पत्त्यासाठी चार ‘ए’ एकापुढे एक. मधला आकडा सेकंदांत असतो. हे उत्तर किती वेळ जपून ठेवायला हरकत नाही, हे तो सांगतो. ३०० म्हणजे पाच मिनिटे, ८६४०० म्हणजे एक दिवस. संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवले तरी काही जणांना जुनेच पान का दिसत राहते, याचे उत्तर बहुधा या आकड्यात असते.

विंडोजवर एनएसलुकअप वापरणाऱ्यांना ‘नॉन-ऑथोरिटेटिव्ह आन्सर’ असे शब्द दिसतात आणि काही तरी गडबड आहे असे वाटते. गडबड काही नसते. उत्तर मूळ वहीतून न येता मधल्या कुणीतरी जपून ठेवलेल्या प्रतीतून आले, एवढाच त्याचा अर्थ.

फेसबुक गायब झाले तेव्हा डिगने काय सांगितले?

४ ऑक्टोबर २०२१. भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले होते. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकाच वेळी बंद पडले आणि सुमारे सहा तास बंद राहिले. अनेकांनी फोन बंद करून पुन्हा सुरू केले, राउटरची वायर काढून घातली. त्या रात्री ज्यांनी डिगला विचारले त्यांना ‘सर्व्हफेल’ मिळत होते. याचा अर्थ दोष घरच्या राउटरचा नव्हता आणि फेसबुकचे नाव पुसलेही गेले नव्हते.

डिगला ‘प्लस ट्रेस’ ही जोड दिली की ते उतरंडीची एकेक पायरी दाखवते. सर्वांत वर १३ नावांचे रूट सर्व्हर. त्यांनी सांगितले, ‘कॉम’वाल्यांना विचारा. कॉमवाल्यांनी सांगितले, फेसबुकच्या स्वतःच्या नेम सर्व्हरना विचारा. आणि तिथून पुढे शांतता. नियमित देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडमुळे कंपनीच्या डेटा सेंटरना जोडणारे जाळेच तुटले होते. अशी कमांड अडवण्यासाठी ठेवलेल्या तपासणी यंत्रणेतील दोषामुळे ती अडली नाही. जाळे तुटल्याचे पाहून फेसबुकच्या नेम सर्व्हरनी आपण आजारी आहोत असे समजून इंटरनेटवरील आपले मार्गच मागे घेतले. सर्व्हर चालू होते. त्यांच्यापर्यंत जाणारा रस्ता नकाशावरून पुसला गेला होता. कंपनीची अंतर्गत साधनेही याच डीएनएसवर अवलंबून असल्याने दुरुस्ती लांबली.

त्या रात्री एक गंमतही झाली. फेसबुकचे डोमेन विक्रीला निघाल्याची वार्ता ट्विटरवर पसरली. डोमेन विकणाऱ्या काही संकेतस्थळांच्या स्वयंचलित याद्यांनी, नाव उत्तर देत नाही म्हणजे ते रिकामे असणार, असा अर्थ लावला होता. ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांनीही ‘किती?’ असे विचारून चेष्टा केली. पण पत्त्याची वही आणि मालकीची नोंदवही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली बंद होती, दुसरीत फेसबुकचे नाव जिथल्या तिथे होते.

मालकीची नोंद कुठे पाहायची?

या दुसऱ्या वहीसाठीची कमांड ‘हूइज’. नाव दिले की डोमेन कधी नोंदवले, कधी संपते, कोणत्या कंपनीमार्फत म्हणजे रजिस्ट्रारमार्फत घेतले, हे ती सांगते. पूर्वी मालकाचे नाव-गावही दिसत असे. २०१८ मध्ये युरोपचा डेटा संरक्षण कायदा लागू झाल्यापासून ते बहुतांश झाकलेले असते. शिवाय २८ जानेवारी २०२५ पासून ‘कॉम’सारख्या डोमेनसाठी जुन्या हूइजची सक्ती उठली आणि ‘आरडॅप’ ही नवी पद्धत आली. त्यामुळे कमांडने उत्तर दिले नाही तर आयकॅन या जागतिक संस्थेच्या ‘लुकअप’ पानावर तेच नाव टाकावे. ‘डॉट इन’साठी निक्सी या भारतीय संस्थेच्या संकेतस्थळावर शोध घेता येतो.

सामान्य वाचकाच्या कामाची ओळ म्हणजे ‘क्रिएशन डेट’. स्वतःला जुनी बँक किंवा सरकारी खाते म्हणवणाऱ्या लिंकचे डोमेन गेल्या आठवड्यात जन्मलेले असेल, तर आणखी काही तपासायची गरज उरत नाही. उलट बाजूने मात्र हे गणित चालत नाही. जुने डोमेन विकत घेता येते. फेसबुक डॉट कॉमचीच नोंदणी तारीख १९९७ ची आहे, तर कंपनी जन्मली २००४ मध्ये; नाव दुसऱ्याकडून विकत घेतलेले. म्हणून कोवळी तारीख संशयाला पुरते, जुनी तारीख विश्वासाला पुरत नाही.

नोकरीचे पत्र तपासता येते का?

काही प्रमाणात. डिगला नावापुढे ‘एमएक्स’ लिहून विचारले की त्या डोमेनची ईमेल कोण घेते ते कळते. ‘टीएक्सटी’ विचारले की त्या नावाने ईमेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरना आहे, याची ‘एसपीएफ’ नावाची यादी दिसते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांना अशा नोंदी सक्तीच्या केल्या आहेत. बड्या कंपनीच्या नावाने ‘ऑफर लेटर’ आले, पण पाठवणाऱ्याच्या डोमेनला ना एमएक्स ना एसपीएफ, तर प्रशिक्षणाचे ‘डिपॉझिट’ भरण्याआधी कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरील क्रमांकावर फोन करावा.

या नोंदींवर कितपत विसंबायचे?

आकडी पत्त्यावरून माणूस सापडत नाही. आज असंख्य संकेतस्थळे क्लाउडफ्लेअर किंवा अकामाईसारख्या मध्यस्थांच्या सर्व्हरमागे असतात. खऱ्या बँकेचा आणि भामट्याचा आकडी पत्ता एकाच मध्यस्थाचा निघू शकतो. पुण्यात आणि दुबईत एकाच नावाची वेगळी उत्तरे येणेही स्वाभाविक आहे. ब्राउझरमधील कुलपाचे चिन्हही मालक प्रामाणिक असल्याची हमी देत नाही. जोडणी सुरक्षित आहे एवढेच ते सांगते, आणि भामट्यालाही ते फुकट मिळते.

बँकांपुरता हा प्रश्न सोपा करण्याचा प्रयत्न रिझर्व्ह बँकेने केला आहे. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांनी ‘बँक डॉट इन’ या डोमेनवर यावे, असा आदेश तिने दिला. ही नावे हैदराबादची आयडीआरबीटी ही एकच संस्था देते आणि ती बँकांनाच मिळतात. स्टेट बँकेचा पत्ता आता ‘एसबीआय डॉट बँक डॉट इन’ असा संपतो. इथे उजवीकडून तीन शब्द वाचले की डिगची गरजही लागत नाही.

पैसे गेलेच असतील तर राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच कळवावे. तक्रारीत पूर्ण लिंक लिहावी, तिचे छायाचित्र जोडावे आणि हूइजमधील नोंदणी तारीख व रजिस्ट्रारचे नावही द्यावे. त्याच नोंदीत ‘अब्यूज कॉन्टॅक्ट’ या ओळीपुढे रजिस्ट्रारचा ईमेल बहुधा असतो. बनावट डोमेन बंद करण्याची मागणी तिथे कुणालाही करता येते, मग पैसे स्वतःचे गेलेले असोत वा नसोत.