जुन्या जीपचा गिअरबॉक्स

आमच्या पाहण्यातली ही गोष्ट आहे. एका शेतकऱ्याकडे जुनी जीप होती. तिच्यातून तो रोज तालुक्याच्या बाजाराला भाजी न्यायचा. सारे घर त्यावर चाले. एक दिवस गिअर टाकताना खरखर आवाज येऊ लागला. कोणताही गिअर टाका, आवाज यायचाच. वाटेवरच्या मिस्त्रीने गाडी पाहिली. तो म्हणाला, "गिअरबॉक्स गेला, मालक. सगळा खोलावा लागेल." खर्चाचा आकडा ऐकून शेतकऱ्याच्या पोटात गोळा आला. एक बैल विकावा लागणार, असे त्याला वाटले.

गावात एक म्हातारा ड्रायव्हर होता. त्याने गाडी पाहिली आणि म्हणाला, "दादा, आधी पायाखालचं बघू. पेटीचं मग." त्याने क्लचच्या जोडणीचा नट फिरवून ती नीट केली. अर्ध्या तासात खरखर थांबली. बैल दावणीलाच राहिला!

हे कसे झाले? ते समजून घेऊ.

गिअरबॉक्स काय करतो?

उसाचा चरक आपण पाहिला आहे. एक रूळ फिरला की त्याच्या दात्यांमुळे शेजारचा रूळही फिरतो. गिअरबॉक्स म्हणजे अशाच दात्यांच्या चाकांची पेटी. लहान चाकाने मोठे चाक फिरवले, की मोठे चाक हळू फिरते. पण त्याचा जोर वाढतो. पहिल्या गिअरात असेच होते. वेग कमी, जोर जास्त. म्हणून चढावर पहिला गिअर लागतो. सपाट रस्त्यावर जोर कमी लागतो. तिथे वरचा गिअर चालतो.

इंजिन आणि ही पेटी यांच्यामध्ये क्लच असतो. क्लच म्हणजे सांधा. पाय दाबला की सांधा सुटतो. पाय उचलला की जुळतो. सांधा पुरता सुटला नाही, तर फिरत्या दात्यांवर दाते आदळतात. खरखर होते. त्या शेतकऱ्याच्या जीपचे हेच झाले होते. दुखणे सांध्याचे, आणि दोष मात्र पेटीला!

१९४७ नंतर थोड्याच वर्षांत महिंद्र कंपनीने अमेरिकेतल्या विलिस जीपचे भाग आणून मुंबईत जीपा जोडायला सुरुवात केली. त्या जातीच्या काही जुन्या जीपा अजून लोकांनी जपल्या आहेत. त्यांना पुढे जाण्याचे तीन गिअर आणि मागे येण्याचा एक. यांचा पहिला गिअर गाडी थांबल्यावरच टाकावा. चालत्या गाडीत टाकला तर दाते खरवडतात.

क्लच कसा पाहावा?

क्लचचा पावदान हाताने हलकेच दाबा. पहिला सुमारे एक इंच, म्हणजे अंगठ्याच्या एका पेराएवढा, तो सैल जायला हवा. मग जोर लागावा. अजिबात सैल नसेल, तर क्लच घसरतो आणि जळतो. फार सैल असेल, तर सांधा पुरता सुटत नाही. चालवताना पाय क्लचवर ठेवून बसू नये. त्याने क्लच लवकर झिजतो.

तेल कसे पाहावे?

गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद करा. चाकांना पुढून-मागून दगडाची उटी लावा. पेटीच्या बाजूला तेल भरायचे बूच असते. आधी त्याच्याभोवतीची माती फडक्याने पुसा. नाहीतर तीच आत जाते. पेटी गार झाल्यावर बूच काढा आणि बोट घाला. तेल भोकाच्या खालच्या काठापर्यंत असावे. कमी असेल तर भरा. जीपला शेजारीच दुसरी पेटी असते. तिचे बूच वेगळे. तेही पाहा.

बोटावरचे तेल नीट बघा. दूध घातलेल्या चहासारखे दिसले, तर आत पाणी गेले आहे. ओढ्यातून गाडी काढली की असे होऊ शकते. ते तेल लगेच बदला. तेलात लोखंडाचे तुकडे सापडले, तर गाडी चालवू नका. मिस्त्रीला दाखवा.

तेल बदलायचे असेल, तर गाडी थोडी फिरवून आणा. कोमट तेल सगळे निथळते. नवे तेल गिअरचेच हवे. डब्यावर ९० हा आकडा असतो. तो इंग्रजीत असतो, तेवढा ओळखायला शिका. पेटीत काही कड्या पितळी असतात. काही तेले पितळ खातात. म्हणून जी.एल.-४ प्रतीचे तेल मागावे.

आवाज काय सांगतो?

इंजिन चालू ठेवा. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. पेटीतून घरघर येते का, ऐका. आता क्लच दाबा. घरघर थांबली, तर पेटीतले बेअरिंग झिजले असावे. क्लच दाबल्यावरच आवाज आला, तर क्लचचे बेअरिंग पाहावे. एकाच गिअरला खरखर होत असेल, किंवा गिअर आपोआप निसटत असेल, तर मात्र दुखणे पेटीतच असते. मग पेटी खोलावी लागते. ते काम जाणत्याचे.

गिअर निसटणारी गाडी घाटात नेऊ नका. आणि चांगली गाडीही घाट उतरताना न्यूट्रलमध्ये सोडू नका. चार पैशांचे पेट्रोल वाचते, पण सारा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापून लागेनासे झाले, तर गाडी दरीत जायची! ज्या गिअरने घाट चढतो, त्याच गिअरने उतरावा.

शेवटी एक गोष्ट. आता आपल्याला लिहिता येते ना? मग गाडीत एक वही ठेवा. तेल कधी बदलले, कोणते घातले, किती पैसे दिले, ते तारखेसह लिहा. उद्या कोणी म्हणाला, "पेटी गेली, मालक," तर घाबरू नका. आधी वही उघडा, क्लच पाहा, तेल पाहा. मगच पेटी खोलायला हो म्हणा.