खिडकीतला सब्जा

इफ्तारच्या सरबतात फुगलेला सब्जा सगळेच आवडीने पितात. ते काळे दाणे म्हणजे तुळशीच्या कुळातल्या एका झाडाचं बी. अरबीत सुगंधी वनस्पतीला 'रैहान' म्हणतात. सूरह रहमानमध्ये हा शब्द येतो आणि आजही अरब देशांत सब्जाच्या झाडाला हेच नाव आहे. आपल्याकडे अनेक मुस्लिम घरांत ईदला आप्तांच्या कबरीवर फुलांसोबत सब्जाच्या हिरव्या काड्या वाहतात.

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कामगाराच्या घरी यंदा याच काड्यांचा प्रश्न होता. त्याच्या बायकोची आई गेल्या वर्षी वारली. आईच्या अंगणात सब्जा कायम असे. 'ईदला अम्मीच्या कबरीवर घरचाच सब्जा जायला हवा,' असं लेकीच्या मनात होतं. पण भाड्याची एक खोली, वर पत्रा, अंगण नाही. मग तिने चाँदरातीला सरबताच्या पुडीतलेच दाणे कागदी कपांत पेरले आणि कप खिडकीत ठेवले.

रोपं उगवली. रोजा सोडल्यावर ती मायेने रोज कप भरून पाणी घालायची. आठव्या रोजाला सगळी रोपं बुडाशी कुजून आडवी पडली.

शेजारच्या काकूंनी कप हातात घेऊन पाहिला. "भाभी, खाली भोक कुठंय? नवरात्रात आम्ही घट बसवतो, तेव्हा मातीवर पाणी ओतत नाही. मडक्यातून झिरपतं तेवढंच धान्याला पुरतं."

घरात बी रुजवण्याचं मर्म यातच आहे. कपाला खाली भोकं हवीत. कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं-निम्मं घ्यावं. सब्जाचं बी खोल पुरू नये, वरून पेरून हलकं दाबावं, कारण त्याला उजेड लागतो. कप ताटलीतल्या पाण्यात थोडा वेळ ठेवावा, वरची माती ओलसर दिसली की काढून घ्यावा. रोप उजेडाकडे वाकतं, म्हणून कप रोज फिरवावा. बी जुनं वाटलं तर आधी 10 दाणे ओल्या कागदावर ठेवून पाहावेत. कोथिंबिरीसाठी धणे रगडून दोन भाग करावेत आणि रात्रभर भिजवावेत. झेंडू आठवड्याच्या आत उगवतो. रोपाला 4 ते 6 पानं आली की आठवडाभर सकाळच्या कोवळ्या उन्हाची सवय लावावी, मगच बाहेर हलवावं. सोलापूरच्या उन्हात घाई केली तर रोप एका दुपारीत करपतं.

नवव्या रोजाला तिने पुन्हा पेरणी केली. पंधराव्या रोजाला कोंब दिसले. पण ईदच्या सकाळी रोपांना जेमतेम चार पानं होती. काड्या खुडण्याजोगं काहीच नव्हतं. नवरा म्हणाला, "कप तसाच घेऊन जाऊ, तिथंच लावू." तिने क्षणभर विचार केला आणि नको म्हणाली. कबरस्तानातल्या उन्हात ते संध्याकाळपर्यंतही टिकलं नसतं.

या ईदला अम्मीच्या कबरीवर फक्त फुलं गेली. बकरी ईद सुमारे सत्तर दिवसांवर आहे, तोवर सब्जाला काड्या नक्की फुटतील. रोजा सब्र शिकवतो म्हणतात. तिला तो यंदा खिडकीतही शिकावा लागला.

ईदच्या दुपारी शिरखुर्म्याच्या वाटीसोबत एक कप काकूंच्या खिडकीत गेला. खाली तीन भोकं पाडलेला.