गॅसही काट्यावर

भोसरीच्या एमआयडीसीत जुने फ्रीज सुटे करणाऱ्या शेडसमोर टेम्पो उलटा लागतो आणि दोघं जण मागचा फळका पाडतात. आत तीन जुने फ्रीज, दोरीने उभेच बांधलेले. आडवे टाकले तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये उतरतं. खाली घेतल्या घेतल्या मिस्त्री आधी दरवाजे काढतो. टाकून दिलेल्या फ्रीजमध्ये खेळता खेळता शिरून मुलं गुदमरल्याच्या घटना घडलेल्या आहेत. त्यामुळे या कामाला इथे क्षणाचाही उशीर चालत नाही.

पहिला फ्रीज एका दाराचा, निळा. पाठीमागे तळाशी काळा कॉम्प्रेसर. शेजारची पट्टी मिस्त्री चिंधीने पुसतो, तेव्हा अक्षरं दिसतात: आर-१३४ए, १०० ग्रॅम.

"ताई, तांबं सगळ्यांना दिसतं. हा आतला गॅस कुणाच्या लक्षातच येत नाही."

खरं आहे. भंगाराच्या दुकानात भाव किलोवर ठरतो. तांब्याला चांगला, पत्र्याला कमी, गॅसला काहीच नाही. म्हणून नळी सरळ छाटली जाते, फुस्स होतं आणि कॉम्प्रेसर मोकळा. छाटणाऱ्या पोराला दोष देणं मला पटत नाही, त्याला कुणी कधी काही सांगितलेलंच नसतं. पण हा गॅस शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,३०० पट तापमानवाढ घडवतो. म्हणजे या एका फ्रीजमधला एवढासा गॅस साधारण १३० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. त्याआधीच्या पिढीच्या फ्रीजमध्ये आर-१२ असायचा. तो तर ओझोनचा थरच खातो. १९८७ चा मॉन्ट्रियल करार झाला तो अशाच वायूंना आवर घालायला.

मिस्त्री तांब्याच्या नळीवर एक छोटा चिमटा आवळतो. चिमट्यातली सुई नळीला भोक पाडते, पण आवाज येत नाही, वासही नाही. गॅस रबरी पाइपातून यंत्रात आणि यंत्रातून सिलिंडरमध्ये जातो. सिलिंडर ठेवलाय इलेक्ट्रॉनिक काट्यावर. मी वाकून बघते. लाल आकडे ग्रॅमाग्रॅमाने चढताहेत. गेजची सुई शून्याच्या खाली उतरेपर्यंत मिस्त्री हलत नाही. मग वहीत लिहितो: ८४. बाकीचा इतक्या वर्षांत गळून गेला असणार. दुकानाच्या काट्याला जे कळत नाही, ते इथे वजनासकट नोंदलं जातंय, हे बघून मला मनापासून बरं वाटतं.

पुढचं काम भराभर होतं. तेल डब्यात, काचेचे कप्पे एकीकडे, दाराच्या रबरातलं लोहचुंबक वेगळं. भिंतीतला पिवळा फोम मात्र कुणी उघड्यावर फोडत नाही. जुन्या फोमच्या बुडबुड्यांमध्येही गॅस कोंडलेला असतो. फोमसकट फ्रीजचे खोके हवाबंद यंत्रात दळायला जाणार.

दुसऱ्या फ्रीजपाशी सगळे थबकतात. कॉम्प्रेसर गायब, नळ्यांची तोंडं चेपलेली. वाटेत कुठेतरी तो विकला गेलाय आणि गॅस तिथेच हवेत गेलाय. वहीत शून्य पडतं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर टाकली, केंद्रांना नोंदणी सक्तीची केली. हे सगळं चांगलंच आहे. पण फ्रीज घरातून निघून या शेडपर्यंत अख्खा पोचला नाही, तर नियमाच्या हाती उरतो नुसता पत्रा. जुना फ्रीज बदलून नवा घेताना आपण किमतीची घासाघीस करतो. जुना नेमका कुठे जाणार आणि कोण उघडणार, हेही त्याच दमात विचारायला हवं, आणि दुकानदाराने उत्तर दिल्याशिवाय तिथून हलू नये.

मिस्त्री सांगतो, "लोकांना एवढंच सांगा ताई, कॉम्प्रेसर सुटा काढून देऊ नका. फ्रीज अख्खा द्या."

तिसरा त्यातल्या त्यात नवा आहे. पाठीवर ज्वाळेचं चित्र असलेला पिवळा त्रिकोण. आत आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन. हवेला त्याचा फारसा ताप नाही, पण ठिणगीला तो लगेच पेट घेतो. मिस्त्री फ्रीज शेडबाहेर उघड्यावर ढकलायला लावतो, दुसरं यंत्र मागवतो आणि आत पत्रा कापणाऱ्या पोराला ओरडतो, "ए, ग्राइंडर बंद कर आधी! मी सांगेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही!"